मौनातलं जेवण

"पानावर बसलीस की ओठ मिटायचे, विभा. काही हवं असलं तर बोटानं दाखव, नको असलं तर हात आडवा धर. आणि बोललीसच, तर पुढचा घास घ्यायचा नाही. उठायचं."

माईआत्यानं हे सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात ती पाट मांडत होती आणि हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. पाट सरळ आहे की नाही ते बघत होती. त्या रविवारी दुपारी योकोहामातल्या त्या जेवणघराच्या टेबलाशी खुर्ची पुढे ओढताना हा आवाज मला आला. एरवी तो घरी येतो, चातुर्मासात रोज येतो, त्याची सवय आहे. पण परक्या ठिकाणी, चार माणसांत, तो इतका जवळून कधी आला नव्हता. मी मनात नमस्कार केला, पाण्याचा ग्लास उजवीकडे सरकवला आणि ओठ मिटले. प्रसन्ननं, माझ्या नवऱ्यानं, नेहमीप्रमाणे जाहीर करून टाकलं, "आता तासभर आमच्या मिसेस म्यूटवर." त्याला वाटतं अशानं लोकांना अवघड वाटत नाही. विनायक मोठ्यानं हसला. "वहिनी, फार भारी व्रत आहे हे. आमच्या घरी सगळ्यांनी घ्यायला पाहिजे." त्याची आठ वर्षांची मुलगी ओवी माझ्या समोर बसली होती. तिनं लगेच दोन्ही हात तोंडावर धरले आणि डोळे माझ्यावर रोखले. मीपण, असं. "बघा," विनायक म्हणाला, "हिला शिकवायला नको." नुपूर, त्याची बायको, हसली. ती हसली तेव्हा आधी त्याच्याकडे पाहून मग हसली. हे मी तेव्हा नुसतं पाहिलं, त्याचं काही केलं नाही.

विनायक प्रसन्नपेक्षा पाच वर्षांनी लहान, पण कंपनीत वरचा. प्रसन्नचं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी त्याच्या एका मेलवर पुढं सरकतं आणि कॉन्ट्रॅक्टवर आमचा व्हिसा. ऑक्टोबरात पुन्हा तीच वेळ येणार होती, आणि हे जेवण विनायकनंच ठरवलं होतं. तोक्योतल्या हिगाशी-कसाईहून तिघंजण मुद्दाम इकडं आले होते. "तुमच्या गावात असली जागा आहे आणि तुम्ही दोघं दोन वर्षं डाळ-भात खाताय, प्रसन्न-सान!" इशिकावाचो स्टेशनवरून वर जाणाऱ्या चढावर, तसबिरींच्या दुकानाच्या माडीवर ही जागा. आठ टेबलं. भिंतीवर गुलाबी आणि पोपटी चिनी मातीची भांडी, झाकणावर सिंहाची पिल्लं असलेली. चालवणाऱ्या बाई ओकाबे-सान मूळच्या मलाक्काच्या, लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी इथं आलेल्या. शेकडो वर्षांमागे तिकडं व्यापाराला आलेले चिनी पुरुष तिथल्याच बायकांशी लग्नं करून राहिले, त्या घरांतून तयार झालेलं हे जेवण, पेरानाकान म्हणतात. हे त्यांनीच सांगितलं, जाळीदार बारीक भरतकामाच्या झग्यातल्या त्या बाईंनी, इंग्रजीत, मधेच जपानी शब्द घालत. चिंच, नारळ, गवती चहाचं देठ, हळद. वास ओळखीचा होता आणि नव्हताही, जसं एखाद्या परक्या बाईनं आपल्या आईचं लुगडं नेसावं. प्रसन्ननं आधी फोन करून ठेवला होता, म्हणून माझ्यापुढे मासळीचा मसाला न घातलेली कोबी-मशरूमची भाजी, काकडीचं लोणचं, भात. चातुर्मासात मी मासे-मटण सोडते, बाकी काही नाही. कांदा-लसूण माईआत्यानंही सोडला नव्हता. ती म्हणायची, जिभेला एकच कुलूप पुरे.

मग ती बी आली. चिकनच्या लालसर चिंचेच्या रश्श्यात पाच-सहा काळ्या बिया, सुपारीपेक्षा मोठ्या, लाकडासारख्या कठीण, एका बाजूला भोक पाडलेल्या. बिब्ब्याची आठवण व्हावी अशा. "बुआ केलुआक," विनायक म्हणाला. तो कामासाठी दोनदा मलाक्काला राहून आला होता आणि ही बी मिळते म्हणूनच त्यानं ही जागा शोधली होती. ओकाबे-सान बाजूला उभ्या राहून सांगू लागल्या. झाडावरून काढलेली बी विष असते. उकळायची, मग राखेत पुरून ठेवायची चाळीस दिवस. त्यातलं पांढरं काळं होतं. इथं आल्यावर त्या परत पाच दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. एक दिवस चुकला तर सगळ्या टाकून देतात. "माझी आई बोटांवर मोजायची. मी कॅलेंडरवर लिहिते." त्यांनी माझ्यासाठी म्हणून एक बी वेगळी आणली होती, आत नुसता तिचाच गर, नारळ आणि गूळ घालून परतलेला, सोबत एवढासा चमचा. मी हात जोडले. चाळीस दिवस राखेत. रोज पाणी. माझ्या मनात आलं, ही बाई व्रतस्थ आहे, तिला फक्त ते नाव माहीत नाही.

आणि मग ते झालं. आता मी ते पुन्हा पुन्हा बघते तेव्हा ते किती लहान होतं याचंच आश्चर्य वाटतं. विनायकनं आपल्या बीतला काळा गर चमच्यानं खरवडून काढला, डांबरासारखा, आणि म्हणाला, "आधी तू, नुपूर. राजाच्या ताटातलं आधी दुसऱ्यानं चाखायचं असतं." प्रसन्न हसला. विनोदच होता. पण विनायकनं "आधी तू" म्हणायच्या आधीच नुपूरची बशी पुढं आलेली होती. ती प्रसन्नशी बोलत होती, शाळेतल्या कचरा-वर्गीकरणाचं काहीतरी, ओवी घरी बाटल्यांची झाकणं वेगळी करायला लावते म्हणून. त्याचा चमचा उचलला गेला तशी तिचं वाक्य न तुटता तिची बशी, एकटीच जणू, दोन इंच पुढं आली. वाक्य पुरं झालं, गर पडला, तिनं खाल्ला. विनायकनं तिच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि मगच स्वतःचा घास घेतला. "छान आहे," ती म्हणाली. "अजून जिवंत आहे," तो म्हणाला, आणि सगळे परत हसले. ओवी हसली नाही. ती आपल्या बशीत काही न घेता बसली होती, आईनं खाल्लं का ते बघत, आणि मग वडिलांनी खाल्लं का ते बघत. मग तिनं खायला घेतलं. ओळीनं चाललं होतं सगळं. किती दिवसांत ही ओळ बसली असेल? चाळीस?

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला मिरजेचं दार दिसलं. माईआत्या आणि मी जेवत होतो, दहीभातापर्यंत आलो होतो, श्रावणातली दुपार, काका ड्यूटीवर. शेजारच्या क्वार्टरमधली स्नेहलता दारात उभी राहिली. तिचा नवरा बुकिंग क्लार्क होता, नीटनेटका, पोस्टकार्डं वाचून दाखवायला येणारा, सगळ्या बायकांना ताई म्हणणारा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ती म्हणाली, "माई, जरा येता का? आत्ता?" आवाज अगदी नेहमीचा, साखर मागायला आल्यासारखा. माईआत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि डावा हात वर करून खूण केली, थांब. जेवण होऊ दे. स्नेहलता तिथं थोडा वेळ थांबली. तिच्या पायात चप्पल नव्हती. मला ते आठवतं, कारण तिचे पाय ओले होते आणि आमच्या शहाबादी फरशीवर त्यांचे दोन ठसे उमटले होते. मग ती गेली. माईआत्यानं दहीभात संपवला, घाई न करता, पाणी प्यायली, हात धुतले, पदराला पुसले, आणि शेजारी गेली. दार आतून बंद होतं. तिनं हाका मारल्या. आतून क्लार्क म्हणाला, झोपलीय ती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, माहेरी गेली. माहेर कुठलं ते कुणाला माहीत नव्हतं. आठवडाभर माईआत्या वाट बघत राहिली, मग महिनाभर, आणि क्लार्कची बदली होईपर्यंत ते दार एकट्या पुरुषाचं दार म्हणूनच राहिलं. माईआत्यानं व्रत सोडलं नाही. फक्त त्यानंतर जन्मात तिनं दहीभात खाल्ला नाही. लोकांना वाटायचं तिला कफाचा त्रास आहे. ते तिचं खरं व्रत होतं आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते मी तिच्या समोर बसत होते म्हणून. ठसे वाळून गेल्यावरही फरशीवरच्या त्या जागेवर ती पाय देत नसे.

"वहिनी, थांबलात का? घाबरलात वाटतं!" विनायक. मी मान हलवली आणि घास तोंडात घातला. ओकाबे-सान परत आल्या होत्या आणि मलाक्कातल्या जुन्या सासवांचं सांगत होत्या. त्यांच्याकडे मुलगी बघायला यायचे तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून नुसता कान द्यायचे. मुलगी आत खलबत्त्यात मसाला कुटतेय, त्या आवाजावरून सासू ठरवायची. मिरच्या कुटल्या जातायत की हळद, हात थकलाय का, मन लागलंय का, सगळं भिंतीपलीकडून कळायचं. "आमच्या टॉवरमध्ये काही ऐकू येत नाही," नुपूर म्हणाली, एकदम मराठीत, कुणालाच उद्देशून नाही. "भिंती फार चांगल्या आहेत." विनायकनं तिच्याकडे पाहिलं. "काय चांगल्या?" "भिंती." "हो, भूकंपाच्या नियमात बसवलेल्या," तो प्रसन्नला म्हणाला, आणि जपानी बांधकामावर बोलू लागला. तो चांगलं बोलतो. ऐकत राहावं असं बोलतो. मी ऐकत होते आणि मला माझ्या मानेवरचे केस जाणवत होते, एकेक.

मग त्याला बिया भिजवायची टाकी बघायची होती. "प्रसन्न-सान, चल, इतकं ऐकलंय तर बघू तरी." ओकाबे-सान खूश होऊन पुढं झाल्या. दोघं काउंटरच्या आत गेले. पडदा अर्धा होता, त्यांचे पाय दिसत होते, विनायकचा आवाज येत होता. टेबलाशी आम्ही तिघी. ओवी जेवणाच्या काड्यांच्या कागदी पाकिटाची घडी घालत होती. नुपूरनं भाताकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. चेहरा हसराच, काउंटरकडून कुणी पाहिलं तर वाटावं जेवणाबद्दलच बोलतेय.

"विभाताई, तुम्ही बोलणार नाही हे बरंय. बोलला असतात तर मला बोलता आलं नसतं. गुरुवारी हा सकाळीच नागोयाला जाणार आहे, दोन दिवस. वॉर्ड ऑफिसात बायकांचं ऐकून घेणाऱ्या एक बाई असतात. माझी साडेदहाची वेळ घेतलीय. राहायची जागाही बघतात त्या, मुलांना घेऊन. दुभाषी देतो म्हणाल्या, पण फोनवरची. फोनवर मला नाही जमणार हो ताई. घरात काय चालतं ते मी मराठीतसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या शेजारी बसून माझ्या वतीनं बोलणारं माणूस हवंय. तुमचं जपानी चांगलं आहे. दहाला याल? घरीच या. मला ओवीला घेऊन एकटीनं दाराबाहेर पडता येत नाही. म्हणजे पडता येतं. दोनदा पडले. लिफ्टपाशी गेले की मी परत येते." तिनं पाण्याचा घोट घेतला. "मेसेज करू नका, फोन तो बघतो. आत्ताच सांगा. नाही असेल तर तुम्ही भाताला करता तसा हात आडवा धरा, मला राग नाही येणार. हो असेल तर जेवत राहा."

पडद्याखाली पाय हलले. विनायक काहीतरी विचारत होता, पाणी किती वेळा. माझ्यापुढे ती बी होती, मी अजून न खाल्लेली. बोलायला मला काय झालं होतं? ओठ उघडायचे, येते म्हणायचं, खुर्ची मागं सारायची. पण उठले असते तर त्यानं पडद्याआडून पाहिलं असतं, आणि विचारलं असतं, वहिनी का उठल्या? कुणाशी बोलल्या? माझं मौन तिला उपयोगी होतं. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की त्या क्षणी मी तेवढ्यासाठी गप्प राहिले नाही. मी गप्प राहिले कारण ऑक्टोबर आला माझ्या मनात. ऑक्टोबर, प्रसन्नचा चेहरा, नियमांची सवय, आणि माईआत्याचा वर झालेला डावा हात, सगळं एकदम. मनातल्या मनात मी देवाचं नाव घेतलं. आणि मग मी तो एवढासा चमचा बीच्या भोकात घातला, काळा गर काढला, भातावर न घेता तसाच तोंडात घातला. कडवट, मग गोड, मग जमिनीसारखा, पावसाळ्यात जुनं गोणपाट उचलल्यावर येतो तसा वास नाकात आतून चढला. मी गिळला. दुसरा चमचा घेतला. नुपूरनं श्वास सोडला. तिच्या बशीच्या कडेला ठेवलेला हात सैल झाला, तेव्हा मला कळलं की तो किती घट्ट होता.

"काय गप्पा?" विनायक येऊन बसला. "मी एकटीच बडबडतेय," नुपूर म्हणाली, "ताई कुठं बोलतात." "तेच तर." त्यानं कोपर टेबलावर टेकलं आणि माझ्याकडे वळला, अगदी प्रेमानं. "न बोलणारी माणसं सगळं ऐकतात, नाही का वहिनी? सांगा, काय म्हणत होती? माझीच तक्रार असणार. नुसती मान हलवा, व्रत मोडणार नाही." प्रसन्न म्हणाला, "अरे जेवू दे तिला." पण विनायक थांबला होता. हसत थांबला होता. माझी मान कशी हलणार होती मला माहीत नव्हतं. तेवढ्यात ओवीनं कागदाच्या घडीवरून मान वर न करता जपानीत म्हटलं, "नानिमो." काहीच नाही. आई काहीच बोलली नाही. आणि घडी पुन्हा उलगडून परत घालू लागली. आठ वर्षांचं पोर. तिचा आवाज स्नेहलतासारखा होता, साखर मागायला आल्यासारखा.

परतताना गाडीत माझं मौन संपलेलं होतं. बोलायला मोकळी होते. प्रसन्न म्हणाला, "छान झालं नाही जेवण? ती बी जरा अघोरीच." मी हो म्हटलं. संध्याकाळी दिवा लावला, जप केला, एकशेआठ झाले, मोजणी चुकली असं वाटून परत केला. तोंडातली ती चव जात नव्हती. सोमवार गेला. मंगळवारी पोळ्या करता करता मी म्हटलं, "नुपूरचं काही बरं नाही वाटत मला." तो लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला, "विनायक म्हणत होता. डोकं जरा ठिकाणावर नसतं म्हणे तिचं. काहीही कल्पना करते. डॉक्टरकडे न्यायचं म्हणतोय." मी लाटणं थांबवलं. "कधी म्हणाला?" "रविवारी. टाकी बघताना." म्हणजे ती इकडे माझ्याशी बोलत होती तेव्हा तो पडद्याआड माझ्या नवऱ्याला हे सांगत होता. दोघंही एकाच वेळी, चार पावलांवर. आधी कुणी सुरुवात केली असेल? "तुला काय वाटतं?" मी विचारलं. आता त्यानं मान वर केली. माझा नवरा वाईट माणूस नाही. भांडण झालं तर घराबाहेर चक्कर मारून येणारा, मला ताप आला तर रात्रभर पट्ट्या बदलणारा. तो म्हणाला, "विभा, दुसऱ्याच्या घरात काय चालतं ते आपल्याला कळत नसतं. ऑक्टोबर होऊ दे. मग बघू." मला एक वर झालेला हात दिसला. थांब. जेवण होऊ दे. मी पोळी उलटली, ती करपली होती.

गुरुवारबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. नवऱ्यापासून लपवायचं नाही हा माझा नियम कुणी घालून दिलेला नाही, पण बावीस वर्षं पाळलेला आहे. तो असा मोडला, काही आवाज न होता. मी स्वतःला समजावत होते की मी वचन दिलेलंच नाही. शब्द दिला नाही, मान हलवली नाही, मी फक्त जेवले. देवापुढं बसले की हाच हिशोब डोक्यात. माईआत्यानंही शब्द दिला नव्हता. तिनं फक्त थांब म्हटलं होतं. घासानं दिलेलं वचन वचन असतं का, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं, आणि उत्तर मला माहीत होतं म्हणूनच मी विचारत होते.

बुधवारी दुपारी फोन वाजला. विनायक. त्याचा मला कधी फोन येत नाही. "वहिनी, बिझी नाही ना? एक विचारायचं होतं. उद्या गुरुवार, तुमचा उपास असतो का हो?" मी म्हटलं, "असतो." "मग कुठं बाहेर पडत नसाल." मागं कसल्यातरी मशीनचा आवाज होता, लिफ्टचा किंवा वॉशिंग मशीनचा. मी कान देऊन ऐकत होते, त्या सासूसारखी. "दुपारी नैवेद्य असतो माझा," मी म्हटलं. खोटं नव्हतं. खरंच असतो. "बरं बरं. नाही, नुपूर म्हणत होती तुम्हाला भेटायचंय म्हणून. म्हटलं उगाच येणं-जाणं नको तुम्हाला एवढं लांब. तिला जरा विश्रांती हवीय. मीपण नागोयाचं बहुतेक कॅन्सल करतोय. घरी असलेलं बरं, नाही का?" "हो," मी म्हटलं. "तुमचा आवाज किती शांत आहे हो, वहिनी. ऐकलं की बरं वाटतं." आणि त्यानं फोन ठेवला. नुपूर असं म्हणालेली असणं शक्यच नव्हतं. किंवा तिला म्हणायला लावलं होतं. ओट्याची कड धरून मी उभी राहिले. खाली शाळेतून घरी निघालेल्या मुलांच्या पिवळ्या टोप्या दिसत होत्या, ओळीनं, पुढच्याकडे बघत रस्ता ओलांडणाऱ्या. नुपूरला कळवायला काही मार्ग नव्हता. आणि तिला मला कळवायला नव्हता. उद्या दहा वाजता ती दाराकडे बघणार होती, एवढं मात्र मला कळत होतं. ती बघणारच होती, तो घरात असो की नसो.

गुरुवारी मी साडेचारला उठले. अंघोळ, पूजा, पोथीचा अध्याय, सगळं नेमानं. मुद्दाम हळू केलं. साडेआठला प्रसन्नची मीटिंग सुरू झाली. बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून. "अकरापर्यंत आहे गं, चहा मधे देऊ नकोस," असं त्यानं आधीच सांगितलं होतं. मी कॅमेऱ्यात न येता कडेकडेनं कपाटातली पर्स घ्यायला गेले आणि त्याच्या स्क्रीनवर पाहिलं. सहा चौकोन. तिसऱ्यात विनायक. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. मागं नागोयाचं ऑफिस नव्हतं, हॉटेलची खोली नव्हती. मागं त्यांच्या बैठकीच्या खोलीतला फिकट पिवळा पडदा होता, आम्ही गुढीपाडव्याला गेलो होतो तेव्हा नुपूरनं दाखवलेला, तिनं स्वतः शिवलेला. आणि चौकोनाच्या अगदी कडेला, खुर्चीच्या पाठीवर, ओवीचं लाल दप्तर लटकत होतं. साडेआठ वाजून गेले होते. शाळेचं पोर शाळेत गेलेलं नव्हतं.

विनायक बोलत होता, प्रसन्न मान हलवत होता. तो घरी आहे. ती घरी आहे. ओवी घरी आहे. तो त्या खुर्चीत अकरापर्यंत बसलेला आहे, सहा माणसांच्या देखत, शर्टाला इस्त्री करून. दहा वाजता दारावर बेल वाजली तर त्याला त्या सहा माणसांसमोर उठावं लागेल, किंवा नुपूर दार उघडेल. इतकंच माझ्याजवळ होतं. तोक्योला उतरायचं, ओतेमाचीपर्यंत चालायचं, तिथून कसाईची गाडी. सव्वा तास लागतो. मी एकदा मनात वाक्य जुळवून पाहिलं, जपानीत, आदरार्थी. ह्यांच्या वतीनं बोलायला मी आले आहे. मग तेच पुन्हा, जरा मोठ्या आवाजात, ओठ हलवून. प्रसन्ननं एक कान मोकळा करून मागं पाहिलं. "काही म्हणालीस?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "नुपूरकडे जाऊन येते."

बाजूला सरकवलेल्या हेडफोनमधून कुणीतरी त्याचं नाव घेत होतं, प्रसन्न-सान, प्रसन्न-सान, ऐकू येतंय का. त्याचा माइक बंद होता, त्यावरची लाल रेघ मला इथून दिसत होती. त्याचं बोट तिच्यावर गेलं आणि तिथंच थांबलं. त्यानं तो उघडला असता तर माझा आवाज त्या पिवळ्या पडद्याच्या खोलीत गेला असता. पुन्हा नाव घेतलं गेलं. त्यानं बोट उचललं, मीटिंगमध्ये एक हात वर करून दाखवला आणि मला फक्त हळूच म्हणाला, "छत्री घे. बाहेर ऊन फार आहे."

कॅमेऱ्यात येणार नाही अशी भिंतीला धरून मी दाराशी गेले. बूट हातात घेतले. दार आवाज न करता लावलं आणि बाहेरच्या गॅलरीत, फरशीवर अनवाणी उभी राहून, आधी डावा, मग उजवा, पायांत घातले. नऊला सतरा मिनिटं कमी होती.